साहेबाची उजवी बाजू

४ सप्टेंबर

…मग मी पाण्याच्या बाटल्या घासल्या, पिंजऱ्यांतलं ओलं गवत काढून कोरडं घातलं, काकडीच्या फोडी केल्या आणि दूध उतू जायच्या आत धावत घरात आले. हे खिडकीपाशी शिलाईच्या स्टुलावर बसले होते. मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर आमचा गिनीपिग साहेब, हातात चिमटा, चष्मा कपाळावर ढकललेला. मी म्हटलं, "चहा निवतोय." हे म्हणाले, "गवताची कुसं अडकलीत गं ह्याच्या अंगात. एवढी काढतो नि आलोच." साहेब मधूनच 'चीं' करायचा. "लाडात आलाय," असं म्हणून हे त्याच्या तोंडाशी काकडी धरायचे. चहा निवला. मी परत तापवला.

बस्स, एवढीच सकाळ. रविवारची होती, बाकी तीत वेगळं काही नाही. आज बाटल्या घासताना नेमकी तीच आठवली, म्हणून लिहून ठेवली. माणूस गेल्यावर त्याचे मोठे प्रसंग सगळे जण सांगतात. निवलेल्या चहाचं कुणाला ठाऊक नसतं.

ही वही लेकीने पाठवली. म्हणाली, "आई, तू इतकं वाचतेस, आता थोडं लिही. मन हलकं होईल." मन काही गाठोडं नाही, खाली ठेवलं की हलकं व्हायला. पण कोरी वही पडून राहिलेली मला बघवत नाही. शाळा मी सातवीत सोडली, कागद मात्र सोडला नाही. गिऱ्हाइकांच्या कापडाला गुंडाळून आलेले जुने पेपरसुद्धा मी सरळ करून वाचायची. हे म्हणायचे, "कापड मला, कागद तुला. वाटणी झाली."

ह्यांना जाऊन पाच महिने होत आले.

७ सप्टेंबर

लेक फोनवर म्हणते, "ते उंदीर कुणाला तरी देऊन टाक ना." उंदीर नाहीत ते, गिनीपिग आहेत. ही वही कधी तिच्या हाती पडली तर कळावं म्हणून नीट लिहिते.

गिनीपिग अनेक रंगांचे असतात. काहींचा एकेक केस बुंध्याशी काळा आणि टोकाशी तांबूस असतो, फुंकर मारली की खालचा रंग दिसतो. काही मीठ-मिरी कालवल्यासारखे. काहींच्या अंगावर तांबड्या-काळ्या चौकड्या. ह्यांनी आयुष्यभर एकच जात पाळली, काळी-पांढरी डच. तिच्यात रंगापेक्षा रेषेला महत्त्व. कपाळावरून नाकापर्यंत पांढरी पट्टी उतरते, तिला हे भांग म्हणायचे. भांगाच्या दोन्ही बाजूंना गोल काळे गाल. मान, छाती, पुढचे पाय पांढरे. मग पोटाभोवती एक रेषा आणि तिच्यामागे सगळं काळं, फक्त मागच्या पावलांना पांढरे मोजे. म्हणजे पांढरा सदरा आणि काळी विजार. म्हणून तो साहेब.

ती कमरेची रेषा पाठीवरून पोटाखालपर्यंत सरळ यायला हवी, शिंप्याने खडूने मारावी तशी. शंभरात एखाद्याची येते. साहेबाची आली होती. सलग तीन वर्षं आमच्या गिनीपिग पाळणाऱ्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनात तो पहिला आला. दुसरा नंबर तिन्ही वर्षं घड्याळजींचा, म्हणजे ह्यांच्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मित्राचा.

'आली होती' असं लिहिलं, त्याचं कारण आहे. ते उद्या लिहीन. आज धीर होत नाही.

८ सप्टेंबर

साहेबाची रेषा मोडली आहे.

मे महिन्यात पहिल्यांदा दिसलं. उजव्या बाजूला, बरगड्यांवर, काळ्यातून एक दात, म्हणजे टोकदार काळा डाग, पांढऱ्यात शिरलाय. माझ्या करंगळीच्या नखाएवढा. आधी वाटलं शाई लागली. ओल्या फडक्याने पुसलं, साबण लावला. गेला नाही. जूनमध्ये आणखी गडद झाला.

ह्यांच्या हातात पाच वर्षं राहिलेलं जनावर माझ्या हातात पाच महिन्यांत बिघडलं. शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, ह्यांनी माझं मनगट धरून विचारलं होतं, "साहेबाचं रविवारचं तेवढं बघशील ना?" मी म्हटलं, "बघीन. काळजी करू नका." ह्यांना आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात नर्स आली. तेव्हापासून दर रविवारी मी साहेबाला काकडी दुप्पट देते. एकही रविवार चुकला नाही.

तरी असं झालं.

१५ सप्टेंबर

मंडळाचे सेक्रेटरी येऊन गेले. भला माणूस, पण बोलताना आपण व्यासपीठावर आहोत असं त्यांना वाटतं. म्हणाले, "वहिनी, यंदापासून डच गटाचा फिरता चषक त्यांच्या नावाने द्यायचं मंडळाने एकमताने ठरवलंय."

ह्यांचं नाव आजवर फक्त दुकानाच्या पाटीवर होतं, आणि ती पाटी जूनमध्ये उतरवली.

"आणि एक विनंती," ते पुढे म्हणाले. "हॉलच्या दारात त्यांचा फोटो लावू. त्याच्याखाली साहेब. स्पर्धेत नाही हो, नुसता बघायला. नवीन पोरांना कळू दे, रेषा कशाला म्हणतात."

वन्सं आतून ओरडल्या, "चहा टाकू का?" वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, मागच्या खोलीत राहतात. मी म्हटलं, "टाका." सेक्रेटरींना हो म्हणून बसले. साहेबाला बघायला मागतील अशी भीती होती, पण चहा पिऊन ते गेले.

प्रदर्शन नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी आहे.

१८ सप्टेंबर

घड्याळजी आज गुरुवारचे आले. आमचं भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं असं ते म्हणतात आणि दर गुरुवारी येऊन पुढे करून जातात. एवढा नावाजलेला कारागीर, आणि आमचं एक घड्याळ काही धड होत नाही. वन्सं म्हणाल्या, "बिघाड घड्याळात नाही गं." मी विचारलं मग कशात, तर विणकाम उचलून बसल्या.

चषकाचं सांगितलं. ते म्हणाले, "कळलं मला. चांगलं झालं." पण घड्याळाकडेच बघत म्हणाले. मला वाटलं, शेवटी माणूसच आहे. तीन वर्षं दुसरा आलेला.

२५ सप्टेंबर

आज मीच घड्याळजींकडे गेले. त्यांच्या दुकानामागच्या बोळात एक पांढरा गिनीपिग आहे, फक्त नाक, कान आणि पाय काळे. त्या जातीचं अजबच आहे. पिल्लू जन्मतं पांढरंशुभ्र, आणि जसजशी थंडी लागते तसतसा नाक-कानांवर काळा रंग चढतो. उबेत ठेवलं की विटतो. म्हणून घड्याळजी बोळात शेगडी लावत नाहीत. हिवाळ्यात जनावर मजेत आणि घड्याळजी मफलर गुंडाळून शिंकतात.

मी विचारलं, "भावजी, थंडीने ह्याचा रंग बदलतो, मग आणखी कशाने बदलत असेल का?"

"म्हणजे कशाने?"

"म्हणजे… दुःखाने?"

ते हातातल्या घड्याळाचं झाकण लावत होते, ते राहिलं. मी सगळं सांगितलं. दात कधी दिसला, कसा वाढला. म्हटलं, "माणसाचे केस एका रात्रीत पांढरे होतात म्हणतात. साहेबाला ह्यांचा लळा होता. रविवारी ह्यांच्या मांडीवर असायचा. ते बंद झालं आणि महिन्याभरात हे सुरू झालं."

त्यांनी राहिलेलं झाकण लावलं. मग म्हणाले, "होतं, वहिनी. असं होतं कधी कधी. जनावराला कळतं."

मला रडू आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं म्हणणं वेडेपणा न ठरवता ऐकलं.

निघताना मात्र एक विचित्र बोलले. "त्याला प्रदर्शनात नेऊ नका. वय झालंय म्हणा, आजारी आहे म्हणा. आणि तोवर कुणाला दाखवू नका." मी म्हटलं, "असं कसं? ह्यांचा मान आहे तो." ते म्हणाले, "मी सांगतोय ना." एवढं तोडून कधी बोलत नाहीत.

रस्त्यात वाटलं, साहेब दारात बसलेला त्यांना बघवणार नाही. मनात आलं ते लिहिलं. वाईट वाटतं.

५ ऑक्टोबर

साहेबाचं दुःख घालवायचं ठरवलंय. रोज संध्याकाळी मांडीवर घेते. ह्यांचा जुना सदरा अंथरते, वास ओळखीचा वाटावा म्हणून. त्याच्याशी बोलते. वन्सं दारातून म्हणाल्या, "माझ्याशी दिवसभरात चार वाक्यं बोलत नाहीस, आणि त्या गाजरखाऊला अख्खं पुराण!"

मी त्यांना सांगितलं की दुःखाने केसांचा रंग बदलतो.

"बदलत असेल," त्या म्हणाल्या. "भाऊ गेल्यापासून माझ्या हनुवटीला एक काळा केस येतोय. तारेसारखा. दुःखाला डोकं सोडून हीच जागा सापडली!"

आम्ही दोघी हसलो. मग दोघींनी एकदम मशीनकडे बघितलं, कारण अशा वेळी तिथून तिसरं हसू यायचं.

साहेब मांडीवर आला की आधी अंग आकसून घेतो. उजवी बाजू माझ्या पोटाशी दाबून धरतो. बऱ्याच वेळाने सैल पडतो. लळा असलेलं जनावर असं का करतं, कळत नाही. मी ह्यांच्यासारखी नाही, म्हणून असेल.

१४ ऑक्टोबर

वाचनालयातल्या बाईंनी दुसऱ्या शाखेतून माझ्यासाठी एक जाडजूड पुस्तक मागवलं, पाळीव जनावरांच्या रंगांवरचं. निम्मं कळलं नाही. जे कळलं ते तीनदा वाचलं.

त्या काळ्या नाकाच्या जातीचं घड्याळजी म्हणतात तसंच आहे. तिथे थंडीने रंग चढतो. पण डचबद्दल चक्क लिहिलंय की पिल्लू आईच्या पोटात असतानाच खुणा ठरतात. रेषा जन्माला येते तीच मरेपर्यंत. केस गळतात आणि पुन्हा त्याच रंगाचे येतात. थंडी, ऊन, खाणं, आजार, कशानेही त्या हलत नाहीत. दुःखाचा उल्लेख नाही, पण 'कशानेही' या शब्दात ते आलंच.

मग घड्याळजी असं का म्हणाले? त्यांना माहीत नसेल असं कसं होईल? मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. माझी कीव आली असेल. याचा मला राग आला.

आणि पुस्तक खरं असेल तर दात जन्मापासूनच असायला हवा. भिंतीवर गेल्या वर्षीचा फोटो आहे. ह्यांच्या हातात साहेब, उजवी बाजू समोर. भिंग लावून बघितलं. रेषा खडूने मारल्यासारखी.

१६ ऑक्टोबर

काल रात्रभर विचार करून उलगडा झाला. फोटोवाल्याने रेषा रंगवली असणार! लग्नाच्या फोटोत नाही का नवरीला गोरं करतात? आज तडक त्याच्या दुकानात गेले. म्हटलं, खरं सांगा, रागावणार नाही.

तो म्हणाला, "बाई, आम्ही माणसांच्या सुरकुत्या पुसतो. टकलावर केस लावतो. पण उंदराच्या कमरेला हात लावा, असं आजवर कुणी सांगितलेलं नाही."

मूळ निगेटिव्ह त्याने काढून दाखवली. तिच्यातही रेषा सरळच.

परत येताना पावसात भिजले. छत्री त्याच्याकडेच राहिली.

१९ ऑक्टोबर

रविवार. एका बाईंच्या परकराला नाडी घालायची होती, म्हणून ह्यांच्या मशीनचा खालचा खण उपसला. मागे तो जुना टॉवेल होता, घडी घालून. त्याच्यात चिमटा.

टॉवेल धुवायला टाकावा म्हणून खिडकीबाहेर झटकला, तर हातभर उजेडात बारीक बारीक काहीतरी उडालं. उरलेलं बोटावर घेतलं. केस. काळे, आखूड. टॉवेलच्या विणीत रुतून बसलेले, पुष्कळ.

गवताचं कूस एकही नव्हतं.

मी स्टुलावर बसले. ह्यांच्याच स्टुलावर. साहेबाच्या पिंजऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा बघायचीही गरज नव्हती. परकर तसाच राहिला.

२० ऑक्टोबर

काही लिहायचं नाही.

२३ ऑक्टोबर

लिहिते.

आमच्या मंडळात याला 'हात लावलेलं जनावर' म्हणतात. चुकीच्या जागचे केस उपटून रेषा सरळ केलेलं. एका बाईचं जनावर एकदा असं निघालं होतं, तिला स्पर्धेच्या टेबलावरून उठवलं होतं. त्या रात्री जेवताना हे काहीच बोलले नव्हते. मला वाटलं, तिची दया आली.

राग येतो. मेलेल्या माणसावर रागावून करायचं काय? भांडायला समोर कुणी नाही. आज फोटोकडे पाठ करून जेवले. वन्संनी विचारलं, "आज जागा का बदललीस?" मी म्हटलं, "ऊन येतं." बाहेर ढग होते.

चहा. कितीदा तापवला असेल मी तो चहा. आणि साहेब 'चीं' करायचा, मी आतून म्हणायची, "लाडोबा झालाय नुसता!"

'रविवारचं तेवढं बघशील ना?' नर्स आली नसती तर ह्यांनी पुढचं सांगितलं असतं का? की नर्स आली म्हणून सुटल्यासारखं झालं असेल? मी काकडी दुप्पट करत राहिले. ते आठवून आज हसूही आलं. ह्यांनी काय सोपवलं आणि मी काय घेतलं.

वन्संना काही सांगितलं नाही. पण त्यांना विचारलं, हे लहानपणी कसे होते. म्हणाल्या, "रेघ वाकडी आली की पानच फाडायचा. वडील ओरडायचे, वह्या पुरत नाहीत म्हणून. मग फाडणं सोडलं त्याने. ब्लेडने खरवडायला शिकला."

३० ऑक्टोबर

गुरुवार. घड्याळजी आले. शिडीवर चढून घड्याळाचे काटे पुढे करत होते. मी खालून शिडी धरली आणि म्हटलं, "भावजी, मला चिमटा सापडला."

ते वरच थांबले. मग सावकाश खाली उतरले आणि बसले.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या वर्षापासून," ते म्हणाले. "माझं काम भिंगाचं. परीक्षक हातभर अंतरावरून बघतो. मी शेजारच्या पिंजऱ्यापाशी उभा होतो, सवयीने भिंग डोळ्याला लावलं. वरचे केस पांढरे, पण खालची कातडी काळी. तिथे काळे केस असणार, हे उघड होतं."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलणार? हरलेला माणूस बोंब मारतो म्हणाले असते. त्यालाच एकदा म्हटलं, तुझ्या साहेबाला कुसं फार लागतात रे. एरवी माझ्या फालतू विनोदाला तो हसायचा. त्या दिवशी हसला नाही. तेव्हा मी कोट परत दिला."

तो कोट मला आठवतो. ह्यांनी घड्याळजींसाठी शिवलेला, राखाडी. तो परत आला आणि घड्याळजींचं येणं बंद झालं, ते हे गेल्यावरच पुन्हा सुरू झालं. हे म्हणाले होते, बाही आखूड झाली.

"बाही आखूड नव्हती तर," मी म्हटलं.

"बाही एकदम बरोबर होती, वहिनी. तसा कोट मला पुन्हा मिळाला नाही."

वन्संनी चहा आणला, आमच्याकडे बघितलं आणि न बोलता गेल्या. असं त्या कधी करत नाहीत.

मग ते म्हणाले, "एक ऐका. दात सोडला तर बाकी सगळं त्याने खरंच मिळवलं होतं. ते गाल बघितलेत? दोन्ही सारखे, दोन्ही गोल, मिशांना न शिवता. आठ वर्षं जोड्या लावत होता त्या गालांसाठी. मला नाही जमले अजून. खरा राग त्याचाच होता मला. एवढं साधलेल्या माणसाने नखाएवढ्यासाठी असं करावं?"

"तुमचे तीन पहिले नंबर गेले."

"गेले," ते म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, ते मला बरं वाटलं. "पण आता काय? चषकावर त्याचं नाव येतंय, येऊ द्या. साहेबाला घरी ठेवा. मी मंडळाला सांगतो, आजारी आहे. तुम्ही, मी आणि तो चिमटा, बाकी कुणाला कळायचं कारण नाही."

दारापाशी मी म्हटलं, "आणि ते दुःखाने रंग बदलतो?"

"ते तुमचं तुम्ही म्हणालात. मी फक्त होकार दिला." जरा थांबून म्हणाले, "तेवढंच हातात होतं."

काटे पुढे करायचे राहूनच गेले. तरी दिवसभर घड्याळाने बरोबर वेळ दाखवली. बिघाड घड्याळात नाही, असं वन्सं म्हणाल्या होत्या, ते आता कळलं.

९ नोव्हेंबर

पुढच्या रविवारी प्रदर्शन. तीन वाटा आहेत. साहेब घरी ठेवायचा, नाव चषकावर, कुणाला काही कळत नाही. किंवा साहेब तसाच न्यायचा, मग बघणारे बघतील. तिसरी वाट खणात आहे.

तिसरी वाट आज करून बघितली. खोटं कशाला लिहू? दुपारी वन्सं झोपल्या होत्या. टॉवेल घेतला, खिडकीत बसले, साहेबाला मांडीवर घेतलं. मनाशी म्हटलं, ह्यांनी सोपवलेलं काम आहे. एकदाच. नाव कोरलं गेलं की पुन्हा नाही.

चिमटा बघताच त्याने उजवी बाजू माझ्या पोटाशी दाबली. मला आधीच कळायला हवं होतं. मी एक केस धरला आणि ओढला.

'चीं.'

तो लाड नव्हता. लाडाचा आवाज मी रोज ऐकते, फ्रिजचं दार उघडलं की येतो, वर चढत जाणारा. हा वेगळा होता. पाच वर्षं हाच आवाज ऐकून मी आतून लाडोबा म्हणत होते.

एक केस चिमट्यात राहिला. दातात तर काहीच फरक दिसत नव्हता. म्हणजे असे किती काढायचे, दर रविवारी, किती वर्षं. हे त्याच्याशी हळू आवाजात बोलत बसायचे, ते आठवलं. काय बोलत होते, ते कधी ऐकू आलं नाही. कदाचित माफी मागत असतील. मला ठाऊक नाही. ठाऊक असल्यासारखं लिहिणार नाही.

चिमटा ठेवला. साहेबाला बराच वेळ नुसतं धरून बसले.

१२ नोव्हेंबर

भांग सरळ आहे. गाल तर काय सांगावेत. आज उजेडात पुन्हा नीट बघितलं, नुसतं बघायचं म्हणून. आणि तो दात. इतके महिने माझी चूक म्हणून बघत होते, मग ह्यांची चूक म्हणून. चूक कुणाचीच नाही. जन्मतःच आहे तो. सदऱ्याचं एक टोक विजारीबाहेर आलंय, एवढंच. असा साहेब रस्त्यात भेटला तर बरा वाटेल उलट.

ह्यांच्याशी आज बोलले. फोटोशी. म्हटलं, कपडा उसवला तर तुम्ही गिऱ्हाइकाला खरं सांगायचात. कात्री कुठे चुकली तेसुद्धा सांगायचात. मग इथेच का? जेवायला मात्र जुन्या जागी बसले.

१७ नोव्हेंबर

परवा शनिवारी संध्याकाळी सेक्रेटरी चषकाची पट्टी घेऊन आले. पितळी, कोरी. म्हणाले, "उद्या सकाळी कोरणारा हॉलवरच येतोय. नाव कसं लिहायचं तेवढं सांगा, पुढे श्री लावायचं की नको?"

मी म्हटलं, "आधी कोरू नका. सकाळी साहेबाला बघा, मग ठरवा."

"त्यात बघायचं काय, वहिनी? तीन वर्षं बघतोय."

"यंदा उजव्या बाजूने बघा," मी म्हटलं. "आणि तिन्ही वर्षांचा दुसरा नंबर कुणाचा होता तेही बघा. त्यानंतरही नाव कोरावंसं वाटलं तर गालांसाठी कोरा. गाल ह्यांचे खरे आहेत."

व्यासपीठावरचं एकही वाक्य त्यांना सुचलं नाही. पट्टी पुन्हा रुमालात गुंडाळली आणि बूट उलटसुलट घालता घालता गेले.

वन्सं मागे उभ्या होत्या. किती ऐकलं कोण जाणे. म्हणाल्या, "ब्लेड मीच दिलं होतं त्याला. लहानपणी. पान फाडण्यापेक्षा बरं, म्हटलं." मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "तो चिमटा टाकू नकोस. मला दे. हनुवटीला उपयोगी पडेल."

मी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटल्या घासल्या, ओलं गवत काढून कोरडं घातलं, काकडी चिरली. साहेबाला टोपलीत घालून हॉलवर नेलं. ह्यांच्या फोटोखालच्या पिंजऱ्यात ठेवलं आणि काकडी उजव्या कोपऱ्यात टाकली, म्हणजे खाताना त्याची उजवी बाजू लोकांकडे राहील. घड्याळजी त्यांच्या पिंजऱ्यापाशी उभे होते. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. रविवार होता, म्हणून थोड्या वेळाने उठून साहेबाला आणखी काकडी घालून आले.